सिंहांच्या कठड्याचा पूल

बीजिंगच्या मध्यापासून नैर्ऋत्येला सुमारे १५ किलोमीटरवर योंगदिंग नदी ओलांडणारा लुगोउ पूल इ.स. ११९२मध्ये बांधून पूर्ण झाला. अकरा कमानींचा हा दगडी पूल बीजिंग परिसरातला सर्वांत जुना बहुकमानी दगडी पूल मानला जातो. दक्षिणेकडून आणि नैर्ऋत्येकडून राजधानीत येणारा राजमार्ग शतकानुशतके याच पुलावरून गेला. राजदूत, व्यापारी, परीक्षार्थी, फौजा, बैलगाड्या, उंटांचे तांडे आणि शेवटी मालमोटारी, सगळ्यांचा भार त्याने वाहिला. १९८५मध्ये मोटारवाहतूक बंद होईपर्यंत तो कामावरचा पूल होता. युरोपीय ग्रंथांत तो मार्को पोलो पूल या नावाने येतो. चिनी माणसाला मात्र त्याच्या नावासरशी दोन गोष्टी आठवतात, कठड्यावरचे शेकडो दगडी सिंह आणि १९३७चा जुलै महिना.

पूल इथेच का झाला, हे कळायला आधी रस्ता पाहावा लागतो. उत्तर चीनच्या मैदानाच्या पश्चिमेला तायहांग पर्वताची रांग आहे आणि पूर्वेकडचा सखल भाग प्राचीन काळी दलदलीचा, नद्यांच्या फाट्यांनी चिरलेला होता. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणारी वाट त्यामुळे डोंगराच्या पायथ्याची कड धरून जाई. या वाटेतला शेवटचा मोठा अडथळा म्हणजे योंगदिंग नदी. ती एकदा ओलांडली की पुढे वाटा फुटत, कुणी मंगोल पठाराकडे जाई, कुणी ईशान्येला मांचुरियाकडे. होउ रेनझी या चिनी भूगोलतज्ज्ञाने बीजिंगच्या जन्माचा संबंध या नदीउताराशीच जोडला आहे. एरवी मोठे शहर उताराच्या काठी वाढते. इथली नदी इतकी बेभरवशाची होती, की शहर थोडे दूर, पुराच्या टप्प्याबाहेर वसले आणि उताराच्या ठिकाणी फक्त घाट, सराया आणि पुढे पूल राहिला. हे म्हणणे मान्य केले, तर आज दोन कोटींहून अधिक वस्ती असलेल्या महानगराचे मूळ या एका नदीउतारात आहे.

नदीचा स्वभाव हा या पुलाच्या कथेतला मोठा धागा आहे. योंगदिंगची लांबी ७४७ किलोमीटर. शान्शी प्रांत आणि आंतरमंगोलियाच्या कोरड्या, पिवळट मातीच्या प्रदेशातून ती येते. वरचा सगळा मार्ग डोंगरातला आणि उताराचा. बीजिंगच्या पश्चिमेला डोंगर सुटला, की ती एकदम सपाटीवर येते आणि बरोबर आणलेला गाळ तिथे टाकते. पात्र भरत जाते, नदी वाट बदलते. गाळामुळे तिला ‘हुन’, म्हणजे गढूळ, म्हणत. वाट बदलते म्हणून ‘वुदिंग’, म्हणजे एका जागी न ठरणारी, असेही नाव पडले. सम्राट कांगशीने १६९८मध्ये बांधबंदिस्तीची मोठी कामे करवून घेतल्यावर तिला ‘योंगदिंग’, म्हणजे कायमची स्थिर, हे नाव दिले. लुगोउ हे तिचे त्याहून जुने नाव, ते पुलाला चिकटले आणि टिकले.

बाराव्या शतकात उत्तर चीनवर जुर्चेन लोकांच्या जिन राजवंशाचे राज्य होते. ११५३मध्ये त्यांनी राजधानी झोंगदू येथे, म्हणजे आजच्या बीजिंगच्या नैर्ऋत्य भागात आणली. राजधानी आली तशी उतारावरची वर्दळ वाढली. तोवर तिथे होड्यांवर फळ्या टाकलेला तरंगता पूल असे. तो पुरात वाहून जाई, नाहीतर हिवाळ्यानंतर फुटणाऱ्या बर्फाखाली मोडे. ११८८मध्ये सम्राट शिझोंगने दगडी पुलाचा हुकूम काढला, पण पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्यामागून आलेल्या झांगझोंगने ११८९मध्ये काम सुरू केले आणि ११९२च्या वसंतात पूल पुरा झाला. अवघ्या तीन वर्षांत, अशा नदीत, दहा पायखांब आणि अकरा कमानी उभ्या राहिल्या. त्याचे अधिकृत नाव ‘ग्वांगली’ ठेवले गेले, पण लोक त्याला नदीच्याच नावाने ओळखत राहिले.

दोन्ही काठांवरचे उतार धरून पुलाची लांबी २६६.५ मीटर आहे. रुंदी कठड्यांसह साडेनऊ मीटरच्या आत आणि प्रत्यक्ष रस्ता सुमारे साडेसात मीटर. कमानी सारख्या मापाच्या नाहीत. काठाकडच्या कमानींचा गाळा साधारण बारा मीटरचा आहे आणि मधल्या कमानीकडे तो थोडाथोडा वाढत साडेतेरा मीटरच्या आसपास जातो. त्यामुळे पुलाची पाठ मध्यावर किंचित उचललेली आहे. चढ इतका सौम्य आहे की भरलेल्या गाडीच्या बैलाला तो जाणवू नये. पावसाचे पाणी मात्र त्यावर साचत नाही. कमानी पूर्ण अर्धगोल नसून चपट्या आहेत. अर्धगोल कमान घ्यायची तर एवढ्या गाळ्याला पूल फार उंच करावा लागला असता आणि दोन्ही बाजूंचे चढ गाड्यांना जड गेले असते. चिनी गवंड्यांना चपट्या कमानीचे गणित नवे नव्हते. याच दक्षिण मार्गावर पुढे झाओ परगण्यात ली चुन या कारागिराने इ.स. ६०५च्या सुमारास सुमारे ३७ मीटर गाळ्याची एकच चपटी कमान उभारली होती आणि ती आजही उभी आहे. लुगोउच्या कारागिरांनी ते ज्ञान अनेक कमानींच्या साखळीला लावले.

पुलाचे खरे कसब कमानींखाली, पायखांबांत आहे. पुलावरून चालणाऱ्याला ते दिसत नाही, काठावर उतरून बघावे लागते. प्रत्येक पायखांबाचा आराखडा नावेसारखा आहे. प्रवाहाकडचे तोंड टोकदार, खालच्या बाजूला निमुळती होत जाणारी शेपूट. टोकदार तोंड साडेचार ते पाच मीटर पुढे आलेले आहे आणि त्याच्या धारेवर उभा, त्रिकोणी छेदाचा लोखंडी दांडा बसवला आहे. त्याची बाजू सुमारे २६ सेंटिमीटर, कोन बाहेरच्या दिशेला. हे लोखंड आहे मुख्यतः बर्फासाठी. योंगदिंग हिवाळ्यात गोठते आणि वसंताच्या तोंडाशी बर्फाच्या लाद्या सुटून प्रवाहाबरोबर खाली येतात. दगडावर आपटणारी लादी दगडाचा कोपरा उडवते. लोखंडी धारेवर आपटली की ती स्वतः दुभंगते आणि दोन कमानींमधून निघून जाते. लोकांनी या दांड्यांना ड्रॅगन कापणाऱ्या तलवारी असे नाव दिले, कारण पूर म्हणजे नदीतल्या ड्रॅगनचा कोप. टोकावर दगडांचे सहा थर दाबून ठेवले आहेत. त्यांच्या वजनाने पुढे आलेले तोंड जागेवर राहते आणि कमानींच्या दोन्ही बाजूंच्या रेट्यात समतोल साधतो. दगडांचे सांधे डमरूच्या आकाराच्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांत अडकवले आहेत.

खालच्या बाजूला शेपूट निमुळती का, यालाही कारण आहे. कमानीतून जोरात सुटलेले पाणी एकदम मोकळे झाले, तर भोवरे होतात आणि पायाखालची वाळू खरवडली जाते. पायखांब हळूहळू बारीक होत गेला, की पाण्याला पसरायला वाव मिळतो. प्रवाहशास्त्राची सूत्रे हाती नसलेल्या लोकांनी हे निरीक्षणाने साधले. पूर पाहणारे आणि पुरानंतर पात्रात उतरून काय उरले ते तपासणारे लोक त्यामागे असले पाहिजेत.

मधल्या कमानीच्या माथ्यावरच्या दगडावर जलप्राण्याचे मुख कोरलेले आहे. ते पाणी पिऊन पूर ओसरवते, अशी समजूत. पण पुलाचे नाव जगभर झाले ते कठड्यामुळे. पुलाच्या दोन्ही बाजूंना मिळून २८१ दगडी खांब आहेत. एकेक खांब सुमारे १.४ मीटर उंचीचा. दोन खांबांच्या मध्ये कोरीव दगडी पट्ट बसवले आहेत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर कमळाच्या बैठकीवर एक सिंह बसलेला आहे. पूर्व टोकाला कठडा जिथे संपतो, तिथे दोन सिंह शेवटच्या खांबाला डोक्याने रेटून उभे आहेत. पश्चिम टोकाला तेच काम दोन हत्ती करतात. ही केवळ हौस नव्हे. खांब-पट्ट-खांब अशी लांबलचक साखळी दोन्ही बाजूंना उताराकडे सरकू पाहते, तिला टोकाशी जड आधार हवा असतो. तो आधार साध्या ठोकळ्याचाही चालला असता. कारागिराने त्याला प्राण्याचे रूप दिले आणि रेटण्याची क्रियाच शिल्पात आणली. हत्तीचे कपाळ खांबाला टेकलेले पाहताना पुलाचा जोर कुठून कुठे जातो, ते बघणाऱ्याला आपोआप उमगते. या पुलावरचे सर्वांत विचारपूर्वक केलेले शिल्प कोणते, तर हेच. पुलाच्या दोन्ही तोंडांशी चार उंच अलंकृत स्तंभ आहेत, साडेचार मीटरांहून थोडे अधिक उंचीचे, आणि त्यांच्याही माथ्यावर सिंह आहेत.

सिंह हा चीनमधला प्राणी नाही. पश्चिमेकडच्या राज्यांनी दरबाराला भेट म्हणून पाठवलेले सिंह आणि बौद्ध धर्माबरोबर आलेली सिंहाची प्रतिमा, यांतून तो चिनी शिल्पात रुजला आणि दारांचा, पुलांचा, थडग्यांचा राखणदार झाला. लुगोउच्या कठड्यावर तो वेगवेगळ्या भावांनी दिसतो. नर सिंहाच्या पंजाखाली नक्षीचा चेंडू असतो, मादीच्या अंगाखांद्यावर पिल्ले. एखादे पिल्लू आईच्या पाठीवर चढलेले, एखादे पोटाखाली उताणे पडलेले, एखाद्याचे फक्त तोंड आयाळीतून बाहेर डोकावणारे. काही पिल्ले इतकी लहान आहेत की बोटभर जागेत मावतात. एक सिंह एक कान टवकारून खालच्या पाण्याचा आवाज ऐकतो आहे, असे लोक दाखवतात. जवळ जाऊन आयाळ पाहिली तर कुठे मोजक्या सरळ रेषा, कुठे घट्ट वळलेले गोंडे, आणि कुठे ऊन-पावसाने झिजून नुसता गोलवा उरलेला.

अगणित गोष्टीसाठी चिनी बोलीत या पुलाच्या सिंहांचाच दाखला देतात. मोजणारे मात्र थांबलेले नाहीत. १९६२मध्ये पुरातत्त्व विभागाच्या लोकांनी सिंहांना क्रमांक देत मोजणी केली, तेव्हा ४८५ भरले. १९७९च्या फेरमोजणीत लपलेली आणखी पिल्ले सापडून आकडा ५०२वर गेला. त्यानंतरच्या लेखनात कुठे ४९८, कुठे ५०१ असे आकडे येतात. फरक पडतो तो पिल्लांमुळे. झिजलेला उंचवटा पिल्लू मानायचा की आयाळीचा गोंडा, हे ठरवणाऱ्यावर असते. स्तंभांवरचे आणि टोकांचे सिंह धरायचे की नाही, यानेही आकडा बदलतो.

मोजणीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे हे सिंह एका काळातले नाहीत. जिन काळातले मूळ सिंह अंगाने सडपातळ आहेत, चेहरा अरुंद, पाय ताठ, आयाळ मोजक्या रेषांची. त्यानंतरच्या युआन काळातले उंच, आटोपशीर बांध्याचे. मिंग काळात सिंह आखूड आणि भरदार झाले, पंजाखाली चेंडू किंवा पिल्लू आले. छिंग काळात कोरीव काम बारीक झाले, कुरळी आयाळ उठून दिसू लागली. शेवटी विसाव्या शतकातले, यंत्राच्या काळातल्या छिन्नीचे. जुने बहुतेक कालौघात गेले, आज जिन-युआन काळातले थोडे आणि मिंग-छिंग काळातले अधिक दिसतात. पूर आला, कठडा कोसळला, गाडीचा धक्का बसला, की त्या काळातल्या पाथरवटाने नवा सिंह घडवला. त्याने जुन्याची हुबेहूब नक्कल केली नाही, आपल्या काळाचा सिंह केला. त्यामुळे कठडा हीच या पुलाच्या दुरुस्त्यांची वही झाली आहे. दरबारी कागदांत जी दुरुस्ती दोन ओळींत आटोपली असेल, तिची सही खांबाच्या माथ्यावर बसलेली आहे. आठ शतके पूल टिकला तो मूळच्या बांधकामाच्या गुणामुळे खरा, पण तितकाच तो सतत कुणीतरी हात लावत राहिल्यामुळे टिकला. ‘मूळ’ पूल म्हणून जे दाखवले जाते, त्यात या सगळ्या हातांचा वाटा आहे.

१२१५मध्ये चंगेझखानाच्या फौजांनी झोंगदू जिंकले आणि जिन राजधानी उद्ध्वस्त झाली. पूल वाचला. पुढे कुब्लाईखानाने जवळच नवी राजधानी वसवली आणि त्याच्या दरबारात आलेला व्हेनिसचा मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात नैर्ऋत्येच्या मोहिमेवर निघताना या पुलावरून गेला. त्याने नदीचे नाव ‘पुलिसांगिन’ असे नोंदवले. मंगोल दरबारात फारसीची चलती होती आणि हा शब्द फारसी ‘पुल-ए-संगीन’, म्हणजे दगडी पूल, यावरून आला असावा असे अभ्यासक मानतात. पुलाची लांबी तीनशे पावले, रुंदी दहा घोडेस्वार एका रांगेत जातील एवढी, खांबांवर सिंह, आणि जगात याला तोड नाही, असे त्याचे वर्णन आहे. कमानींचा आकडा तो चोवीस देतो, तो चुकीचा आहे. पण सिंह, खांब आणि त्यांमधले दगडी पट्ट यांचा तपशील त्याने बारकाईने दिला आहे. मार्को पोलो चीनला गेलाच नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना हे वर्णन पुढे केले जाते.

युआन काळातल्या एका चित्रात, ‘लुगोउचे तराफे’ या आशयाच्या, पुलाखाली लाकडांचे तराफे आणि काठांवर गाड्या-माणसांची गर्दी दिसते. पश्चिमेच्या डोंगरातले लाकूड नदीवाटे येऊन इथे उतरत असे. राजधानीचे वाडे आणि देवळे उभारायला ते लागे. म्हणजे पूल नदीवरची वाट होता, तसा नदीतून येणाऱ्या मालाचा धक्काही होता. काठावर सराया आणि खाणावळी वाढल्या. दक्षिणेकडे निघालेला माणूस पहिला मुक्काम इथे करी. निरोप द्यायला आलेले आप्तमित्र इथवर येत आणि पहाटे, चंद्र मावळायच्या आत, प्रवासी पूल ओलांडत. त्या पहाटेच्या चंद्राचे देखावे कवितांत आणि चित्रांत आले आणि ‘लुगोउचा पहाटचंद्र’ हे राजधानीच्या आठ रम्य दृश्यांपैकी एक ठरले. सम्राट च्यानलोंगने १७५१मध्ये त्या नावाची चार चिनी अक्षरे स्वतःच्या हस्ताक्षरात दगडावर कोरवून पुलाच्या पूर्व टोकाशी उभी केली. तो शिलालेख आजही तिथे आहे.

मिंग काळाच्या अखेरीस, देशात बंडे माजली असताना, १६३८ ते १६४०च्या दरम्यान पुलाच्या पूर्व तोंडाशी एक कोट बांधला गेला. तोच वानपिंग. पूर्व-पश्चिम सुमारे ६४० मीटर, उत्तर-दक्षिण ३२० मीटर, दोनच वेशी, एक पुलाकडे आणि एक राजधानीकडे. चिनी शहरात असते तशी बाजाराची आखणी किंवा नगारखान्याचा मनोरा त्यात नव्हता. तो सरळसरळ लष्करी कोट होता. रस्त्यावर कोण येते-जाते ते वेशीत अडवून पाहता यावे, एवढ्यासाठी तो होता. छिंग काळात १६६८च्या पुराने पुलाचा काही भाग गेला आणि पुढच्याच वर्षी दुरुस्त झाला. कांगशीच्या १६९८च्या कामांचा उल्लेख आधी आला आहे. अनेक संदर्भग्रंथांत पुलाच्या पुनर्बांधणीचे वर्ष म्हणूनही १६९८च दिलेले असते.

१९०८मध्ये सम्राट ग्वांगशू वारला. त्याला नैर्ऋत्येच्या राजसमाध्यांकडे न्यायचे, तर वाट याच पुलावरून. पण राजाच्या शवपेटीच्या मेण्याला पुलाची रुंदी अपुरी पडत होती. तेव्हा बाजूचे दगडी कठडे काढले, कडांना लाकडी पूल जोडून वाट रुंद केली, अंत्ययात्रा पार पडली आणि कठडे पुन्हा जागेवर बसवले गेले. रहदारीसाठी कठडा हलवण्याचा हा मोठा प्रसंग होता, शेवटचा नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी पुलाशेजारी बीजिंग-हान्कोउ रेल्वेचा पूल झाला. १९०१च्या तहाने परकीय सत्तांना बीजिंग ते समुद्र या रेल्वेमार्गाच्या रक्षणासाठी सैन्य ठेवण्याची मुभा मिळाली होती. त्याच आधाराने जपानी तुकड्या जवळच्या फेंगताई जंक्शनला येऊन बसल्या. १९३७च्या उन्हाळ्यापर्यंत शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला जपानचा किंवा त्याच्या बाहुल्या सरकारांचा ताबा होता. दक्षिणेकडे जाणारी, चिनी फौजेच्या हातातली वाट म्हणजे लुगोउ पूल आणि त्याच्या शेजारचा रेल्वेपूल. आठशे वर्षांपूर्वी ज्या भूगोलामुळे पूल इथे झाला, त्याच भूगोलामुळे ठिणगीही इथेच पडली.

७ जुलै १९३७च्या रात्री जपानी तुकडी पुलाजवळ युद्धसराव करत होती. गोळ्यांचे आवाज आले, हजेरीत एक शिपाई कमी भरला. जपान्यांनी वानपिंग कोटात शिरून झडती घेण्याची मागणी केली, ती चिनी अधिकाऱ्यांनी नाकारली. हरवलेला शिपाई थोड्याच वेळात परत आला, पण तोवर दोन्ही बाजूंनी कुमक मागवली गेली होती. ८ जुलैच्या पहाटे गोळीबार सुरू झाला. वानपिंगची आणि पुलांची राखण चिनी राष्ट्रीय सैन्याच्या २९व्या आर्मीकडे होती. पूल आणि रेल्वेपूल यांवर ताबा हातोहात बदलला, मधूनमधून तह झाले आणि मोडले. २९ जुलैला बीजिंग पडले, दुसऱ्या दिवशी त्यांजिन. पुढे आठ वर्षे चाललेल्या चीन-जपान युद्धाचा आरंभ म्हणून चीनमध्ये ७ जुलै हाच दिवस पाळला जातो. वानपिंगच्या तटावर गोळ्यांचे आणि तोफगोळ्यांचे खड्डे तसेच ठेवलेले आहेत. कोटाच्या आत १९८७मध्ये, घटनेच्या पन्नासाव्या वर्षी, चिनी जनतेच्या जपानविरोधी प्रतिकाराचे संग्रहालय उघडले.

या युद्धाची एक रेघ सोलापूर आणि नागपूरपर्यंत येते. १९३७च्या अखेरीस चिनी सेनानी झू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसने निधी जमवला आणि पाच डॉक्टरांचे पथक तयार केले. प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी. सप्टेंबर १९३८च्या आरंभी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि १९३९च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. कोटणीसांचे पुढचे काम हेबेई प्रांतातल्या आघाडीवर झाले. लुगोउ पूल ओलांडून दक्षिणेकडे जाणारा राजमार्ग आणि त्याच्या कडेची रेल्वे ज्या मुलखातून जाते, त्याच्याच पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यातले हे काम. रेल्वे आणि रस्ता जपान्यांच्या हातात, डोंगर गनिमी तुकड्यांच्या हातात, अशी ती लढाई होती. जखमी माणसे रात्री रस्ता ओलांडून डोंगरातल्या इस्पितळात आणली जात. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस तिथेच वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्यांची समाधी शिज्याझ्वांग शहरात आहे. लुगोउवरून दक्षिणेला निघालेला जुना रस्ता पुढे तिथूनच जातो. महाराष्ट्रात त्यांची ओळख व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे घरोघर पोहोचली.

युद्ध संपले, राज्य बदलले आणि पूल पुन्हा रस्त्याच्या कामाला लागला. १९६१मध्ये चीन सरकारने राष्ट्रीय संरक्षित वास्तूंची पहिली यादी जाहीर केली, तीत लुगोउ पूल होता. संरक्षण जाहीर झाले तरी वाहतूक थांबली नाही, उलट वाढली. १९६७-६८मध्ये मालमोटारींसाठी पूल रुंद करण्यात आला. दोन्ही कडांना काँक्रीटच्या बाहेर काढलेल्या पट्ट्या जोडल्या, कठडे बाहेर सरकवले आणि फरसबंदीवर डांबर चढले. १९७५मध्ये तर एका प्रचंड यंत्रसामग्रीच्या वाहतुकीसाठी ४२९ टन भाराची सपाट गाडी पुलावरून नेण्यात आली. जुन्या कमानींनी ती पेलली. चिनी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही घटना अभिमानाने सांगितली जाते, आणि कमानीच्या ताकदीची ती मोठी साक्ष आहे यात शंका नाही. पण संरक्षित वास्तूची अशी परीक्षा घेणे हा धोकाच होता. पूल टिकला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही.

दहा वर्षांनी विचार बदलला. १९८५मध्ये मोटारवाहतूक शेजारच्या नव्या पुलांवर वळवण्यात आली. १९८६मध्ये जीर्णोद्धारासाठी समिती नेमली, लोकांकडूनही देणग्या आल्या. काँक्रीटच्या पट्ट्या काढून टाकल्या, कठडे जुन्या जागी आणले, डांबर खरवडले. डांबराखाली जुनी फरसबंदी होती. तिच्यातले जे दगड शाबूत होते, ते पुलाच्या मध्यभागी एका पट्ट्यात तसेच ठेवले आणि दोन्ही कडांना नवे सपाट दगड बसवले. आज पुलावर चालताना हा फरक पायाला लगेच कळतो. कडेची वाट गुळगुळीत. मधले दगड ओबडधोबड, चाकांच्या चाकोऱ्यांनी खोल गेलेले, काही ठिकाणी घोटा मुरगळेल इतके. दुरुस्ती करणाऱ्यांनी ते सपाट करण्याचा मोह टाळला, हे त्यांचे शहाणपण. कठड्यावरचे सिंह दुरुस्त्यांची नोंद ठेवतात, तशी मधली फरसबंदी वापराची नोंद ठेवते.

नदीची गोष्ट मात्र उलटी घडली. १९५४मध्ये वरच्या बाजूला ग्वानतिंग धरण पुरे झाले. पूर आटोक्यात आले, बीजिंगला पाणी मिळाले. पण वरच्या भागातला उपसा वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पुलाखालचे पात्र वर्षानुवर्षे कोरडे राहू लागले. वाळूउपशाने त्यात खड्डे पडले. पूर पेलायला बांधलेला पूल कोरड्या वाळूवर उभा राहिला. २०१०च्या सुमारास या भागात पाणी सोडून कृत्रिम तळी तयार करण्यात आली, त्यानंतर पुलाखाली पुन्हा पाणी दिसू लागले. अलीकडे वरच्या धरणांतून ठरावीक काळी पाणी सोडून नदी वाहती ठेवण्याचेही प्रयत्न झाले आहेत.

२०२३च्या जुलैअखेर डोक्सुरी वादळाच्या उरलेल्या ढगांनी बीजिंगच्या पश्चिमेच्या डोंगरांवर अतिवृष्टी केली. ३१ जुलैच्या दुपारी लुगोउ येथील मापनकेंद्रावर योंगदिंगचा विसर्ग सेकंदाला ४,६५० घनमीटरवर गेला. १९२४नंतरचा हा सर्वांत मोठा पूर. त्याच दिवशी पुलाच्या नैर्ऋत्येला श्याओचिंग नदीवरचा आधुनिक रस्तापूल खचून कोसळला. लुगोउ पुलाच्या अकरा कमानींखालून गढूळ पाणी जोरात वाहून गेले आणि पूल जागेवर राहिला. त्याचे श्रेय एकट्या जुन्या दगडांना देणे बरोबर होणार नाही. ग्वानतिंग धरणाने वरचे पाणी रोखून धरले होते आणि पुलाजवळच्या दरवाजांतून पुराचा काही भाग श्याओचिंगच्या पूरसाठवण क्षेत्रात वळवला गेला. त्या क्षेत्रातल्या गावांनी पुराचे पाणी अंगावर घेतले. बीजिंग शहराबरोबर पूलही वाचला, त्यात त्या गावांनी सोसलेल्या नुकसानीचाही वाटा आहे.